देवाचे दूत
(जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



देवळाचा जीर्णोद्धार झाला, कळस चढला. देव आणि भक्त यांची गाठ पडण्याचे हे ठिकाण. पण जवळजवळ सर्व धर्मांत या दोघांमध्ये ये-जा करणारा आणखी एकजण असतो. तो म्हणजे दूत.

ऋग्वेदात हे काम अग्नीकडे आहे. यजमानाची आहुती तो देवांना पोहोचवतो. इंद्राने पणींकडे निरोप देऊन धाडली ती सरमा तर देवांची कुत्री! कुराण महंमद पैगंबरांपर्यंत आणणारा जिब्राईल आणि मरियेला पुत्रजन्माची वार्ता देणारा गाब्रिएल हे एकच. ही वार्ता मराठी कानांना नवी नाही. फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराणात ती ओवीबद्ध केली; ते 1616 साली गोव्यात छापले गेले. इस्लामी श्रद्धेप्रमाणे प्रत्येक माणसाची बरीवाईट कृत्ये टिपून ठेवायला दोन फरिश्ते नेमलेले असतात. आपल्याकडे एकटा चित्रगुप्त साऱ्या जगाची वही सांभाळतो.

मुसलमान फरिश्त्यांना मानतात, पण पूजा फक्त अल्लाची. आपल्याकडे मात्र रामाच्या दूताचे देऊळ गावोगाव आहे. याला कारण आहे. मारुती नुसता निरोप देऊन परतला नाही, लंकेत त्याने स्वतःची बुद्धी चालवली.

बौद्धांच्या पाली ग्रंथांत 'देवदूतसुत्त' आहे. तेथील देवदूतांना पंख नाहीत. तान्हे मूल, म्हातारा, आजारी, शिक्षा भोगणारा गुन्हेगार आणि प्रेत, हे ते पाच दूत. मेलेल्याला यम विचारतो, हे तुला दिसले नव्हते काय? दिसले होते, पण लक्ष दिले नाही, असे तो सांगतो.

सर्वांत भय यमदूतांचे. खानापूर तालुक्यातील माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. तारखाते 2013 साली बंद झाले. त्यापूर्वी घरी तार आली की वाचण्याआधीच बायामाणसांचा धीर सुटे. दोष तारवाल्याचा नसे. भागवतात अजामिळाला न्यायला आलेले यमदूत विष्णुदूतांनी अडवले, तेव्हा तेही गोंधळून धन्याकडे परतले आणि तुमच्यावरही कोणी आहे काय, असे विचारू लागले.

हाच प्रश्न खुद्द विट्याच्या कथेत आहे. धुंडिसुत मालूने 1819 साली रचलेल्या 'नवनाथ भक्तिसारा'त रेवणनाथ विट्यास एका ब्राह्मणाच्या घरी उतरतात. त्या घरी सहा मुलगे एकापाठोपाठ गेलेले. सातवा त्याच रात्री गेला. ज्या घरचे अन्न खाल्ले, त्या घरी हे घडावे, हे नाथांना साहवले नाही. सांत्वनाचे चार शब्द बोलून त्यांना निघता आले असते. ते थेट यमपुरीस गेले. दूतांशी वाद घालण्यात त्यांनी वेळ दवडला नाही, खुद्द यमालाच जाब विचारला. यमाने शंकराच्या आज्ञेकडे बोट दाखवले. मग नाथ कैलासावर चालून गेले, तेथे युद्ध जुंपले. अखेर विष्णूने मध्यस्थी केली.

नाथांनी मागितला होता एक मुलगा नव्हे, सातही. सातही मिळाले आणि पुढे नाथपंथात सिद्ध झाले, असे ग्रंथ सांगतो. रेवणसिद्धांचे रेणावीचे देवस्थान विट्याहून जवळच आहे.