बॅग घेताना आधी पट्टा बघा



जूनची पंधरा तारीख जवळ आली. घरोघरी वह्या-पुस्तकांची, गणवेशाची यादी निघालीय. त्या यादीत दप्तर, म्हणजे आताची बॅग, सगळ्यात शेवटी असते आणि पैसे संपत आले की तिथंच काटछाट होते. त्यात मुलाला नवी आणि मुलीला भावाची जुनी, असंही बऱ्याच घरांत चालतं. मी कुणाला नावं ठेवत नाही, आमच्याही घरी तेच होतं. पण जी पोरगी रोज चार-पाच किलोमीटर सायकल मारत शाळेला जाते, जी बाई इचलकरंजीकडं गारमेंटला कामाला जाते, तिच्याबरोबर वर्षभर ऊन-पावसात ही बॅगच असते. म्हणून आज तिच्याबद्दल बोलूया.

मला हे शहाणपण उशिरा आलं. काही वर्षांपूर्वीचा जुलै महिना. दोन गटांच्या नोंदवह्या घेऊन मी सायकलवरून बँकेत निघाले होते. कर्जाचा प्रस्ताव होता, साहेबांना हिशेब दाखवायचे होते. बॅग नवी, जाड कापडाची, दिसायलाही छान. दुकानदार म्हणाला होता, पाच वर्षं बघायला नको. शिरोळच्या अलीकडं एक खड्डा चुकवला आणि खांद्यावरचा एक पट्टा खालून सटकन तुटला. बॅग एका बाजूला लोंबली, माझा तोल गेला. मी कशीबशी पाय टेकून उभी राहिले, पण बॅग खांद्यावरून निसटून रस्त्याकडेच्या पाण्यात पडली. उचलेपर्यंत नोंदवह्यांची निळी शाई पानभर पसरली होती.

मैत्रिणींनो, नोंदवही म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. वीस-बावीस बायांच्या घामाचे पैसे त्या पानांवर असतात. पुढं दहा-बारा रात्री मी एकेकीचं पासबुक घेऊन नवी नोंदवही लिहीत होते. एका मावशींचं पासबुक 2019 च्या महापुरात गेलेलं, नवं काढायचं राहिलेलं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी सगळा हिशेब तोंडी सांगितला. बेंदराला शंभर दिले, नागपंचमीला राहिले कारण नात आजारी होती, गणपतीत दोन्ही महिन्यांचे एकदम दिले. मी लिहीत गेले. शेवटी बँकेतल्या जमेशी ताळा केला, तर पै न् पै जुळली. मला आनंद झाला आणि लाजही वाटली. त्यांनी डोक्यात एवढं जपून ठेवलं आणि मला ते कागदावर जपता आलं नाही.

ती बॅग मी चांभारदादांकडं नेली. त्यांनी उलटी करून बघितली आणि म्हणाले, "कापड बेस हाय ताई, पण पट्टा नुस्ता एका टिपेवर हुबा हाय."

तेव्हापासून मी बॅग घेताना कापड नंतर बघते, आधी पट्टा. पट्टा जिथं बॅगेला जोडलेला असतो, तिथं वर आणि खाली दोन्हीकडं बघायचं. शिवणीचा चौकोन आणि त्यात फुली असेल तर चांगलं. एकाच जागी दाट, आडवी, जाड शिवण मारलेली असेल तरी चालेल. पट्ट्याचं टोक वरवर चिकटवल्यासारखं नको, ते शिवणीच्या आत खोल गेलेलं हवं. बॅग आतून उलटी करा आणि बघा, त्या जागी कापडाचा जादा तुकडा लावलाय का. मग दुकानदाराला सांगा, भाऊ, दहा-बारा वह्या टाका आत. एका पट्ट्यानं उचला, दोन-तीन हिसके द्या आणि टाक्यांची भोकं रुंद झाली का बघा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे. साडी घेताना आपण दहा घड्या मोडायला लावतो, मग इथंच भीड कशाला?

आता कापड. काही बॅगांच्या चिठ्ठीवर 600 डी, 900 डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर. त्या कापडाचा 9000 मीटर धागा जितके ग्रॅम भरतो, तो आकडा. म्हणजे आकडा मोठा तितका धागा जाड. आमच्याकडच्या यंत्रमागावर काम केलेल्या बायकांचा इथं गोंधळ होतो, कारण सुताच्या काउंटचं उलट असतं. तिथं आकडा वाढला की सूत बारीक होतं. रोजच्या वापराला 600 च्या खालचं घेऊ नये, असं माझं मत आहे. पण चिठ्ठीवर सगळा भरवसा नको. कापडाला आतून लेप असतो, त्यामुळं पाणी लगेच झिरपत नाही. बॅगेच्या बाहेरून चार थेंब पाणी टाका, घटकाभर थांबा आणि आतून हात लावा. जुन्या बॅगेचा आतला लेप पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर तिची पावसाची कामगिरी संपली असं समजा.

आणि लेप कितीही चांगला असो, सुईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी आत येतंच. म्हणून वह्या आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या, पिशवीचं तोंड दोनदा दुमडायचं, मग बॅगेत ठेवायच्या. माझ्या नोंदवह्या तेवढ्यानंही वाचल्या असत्या.

चेनच्या खटक्यामागं बऱ्याचदा आकडा असतो, 5, 8, 10 असा. मोठ्या कप्प्याला पाचाची चेन लवकर दमते. आठाची किंवा दहाची बघा. घट्ट चालत असेल तर मेणबत्ती घासा. लावलेली चेन मागून उकलत असेल तर बहुतेक वेळा खटका सैल झालेला असतो. पकडीनं दोन्ही बाजूंनी अगदी हलकेच दाबा. लगेच बॅग टाकून देऊ नका.

वजनाचंही सांगते. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात म्हटलंय की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको. पस्तीस किलोच्या पोरीला साडेतीन किलो. त्यात एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो तिथंच गेला. आणि सायकलवर पाठीवरचं ओझं चालताना लागतं त्यापेक्षा वाईट लागतं. वळताना ते आपल्याला एका बाजूला ओढतं, वर पाठ घामानं भिजते. पुढच्या बास्केटमध्ये जड टाकलं तर हँडल आपोआप वळायला बघतं. तिथं फार तर डबा नाहीतर रेनकोट ठेवावा. जड सामान मागं कॅरियरवर बरं. रबराच्या ट्यूबची पट्टी काढून दोन बाजूंनी आवळायची.

पण कॅरियरवर बॅग बांधताना खांद्याचे पट्टे बॅगेखाली दाबून टाका. हे मी मुद्दाम सांगतेय. माझ्या भाचीच्या बॅगेचा कमरेचा लांब पट्टा लोंबत होता, तो मागच्या चाकाच्या तारांत गेला. चाक जागच्या जागी थांबलं आणि पोरगी रस्त्यावर आपटली. हनुवटीला चार टाके पडले. मागून वाहन नव्हतं म्हणून तेवढ्यावर निभावलं. ओढणी आपण बांधायला सांगतो, पट्ट्याचं कुणाच्या ध्यानात येत नाही. लांब टोकं कापा, आणि कापलेली कडा मेणबत्तीवर जरा धरा, म्हणजे धागे सुटणार नाहीत. शिवाय बॅगेमागं मागचा लाल रिफ्लेक्टर झाकला जात नाही ना, ते बघा. ऊसाच्या हंगामात संध्याकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या गर्दीतून यायचं असतं. बॅगेवर चमकणारी पट्टी शिवून घेतली तर फार बरं.

आता आमच्या गटानं काय ठरवलं ते सांगते. दूधवाले दोन्ही बाजूंना किटल्या अडकवतात ना, तशा कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या शिवायच्या. आधी खताच्या पोत्यांच्या शिवल्या. फुकटात झाल्या, पण ते पोतं उन्हानं कडक होऊन पिचतं. उन्हाळा संपेपर्यंत चुरा पडायला लागला. मग जुनी जीन्स वापरली. ती दणकट, पण पावसात पाणी पिऊन पिशवीच दोन किलोची होते, आणि वाळायला दोन दिवस लागतात. आता जाड ताडपत्रीच्या शिवतोय. चाकाच्या बाजूला आत जुन्या प्लास्टिकच्या डब्याचा सपाट कापलेला पत्रा घालतो, नाहीतर पिशवी फुगून तारांना घासते. खालून एक नाडी कॅरियरच्या दांडीला बांधतो. पट्टा जोडायची जागा अर्थातच चौकोन आणि फुली, दोनदा.

पहिली जोडी माझ्याच सायकलला लावलीय. गेले दोन महिने नोंदवह्या, डबा, बाजार, सगळं त्यातच. एक चूक राहिली आहे. पिशव्या थोड्या पुढं लागल्यात, पायडल मारताना टाच लागते. चार बोटं मागं सरकवून हूक बसवायचे आहेत. ते झालं की मापं तुम्हाला इथंच, याच वेळेला सांगेन.