संगीतवर्गाच्या पेट्या आणि त्यांची निगा
(महोत्सवानिमित्त नंदगड येथे झालेले भाषण)



महोत्सवी निधीतून आपल्या संगीतवर्गासाठी चार नव्या पेट्या घ्याव्यात, अशी सूचना पुढे आली आहे. सूचनेमागील सद्भावनेबद्दल शंका नाही. तरीपण मी तिला विरोध करण्यास उभा आहे, आणि तोही पेटीवरील प्रेमापोटीच. वर्गात आज आठ पेट्या आहेत. त्यांपैकी दोनच एकमेकींशी सुरात बोलतात. आणखी चार आणल्या तर तीन-चार पावसाळ्यांनंतर पेट्या बारा होतील आणि सुरात असणाऱ्या पुन्हा दोनच राहतील. नवी पेटी देणाऱ्याचे नाव तिच्यावर रंगविता येते. जुन्या पेटीचा भाता बदलून देणाऱ्याचे नाव कोठे रंगवावे, हे मात्र अजून कोणाला सुचलेले नाही!

ही अडचण आपल्याच गावची आहे असे नव्हे. पियानो शिकविणाऱ्या मोठमोठ्या विद्यालयांनाही ती भेडसावते. पियानोला ८८ पट्ट्या आणि दोनशेहून अधिक तारा. त्या सर्वांचा ताण मिळून कित्येक टन भरतो. हवेतला ओलावा वाढला की आतली लाकडी फळी फुगते आणि सूर सरकतो. म्हणून अमेरिकेतील पियानो टेक्निशियन्स गिल्ड या कारागिरांच्या संघटनेने एक हिशेब घालून दिला आहे. एका पूर्णवेळ कारागिरामागे साधारण ६० पियानो ही मूळ संख्या धरावयाची. मग हवा किती दमट, वाद्य किती जुने, दिवसाकाठी वापर किती आणि अपेक्षित दर्जा कोणता, यांप्रमाणे ती कमी-अधिक करावयाची. पियानो बिघडला की धावपळ करावयाची, ही पद्धत त्यांनी सोडली. काम आधीच मोजले. आपल्याला पियानो नको, पण हा हिशेब मात्र जरूर घ्यावा.

आता आपल्या पेटीकडे वळू. साडेतीन सप्तकांची पेटी म्हणजे ४२ पट्ट्या. दुहेरी सुरांची असेल तर तिच्यात ८४ रीड. आठ पेट्यांचे झाले ६७२ रीड. रीड म्हणजे पितळेची एक बारीक जीभ. टोकाकडे खरवडली तर ती हलकी होऊन सूर चढतो, मुळाकडे खरवडली तर कमजोर होऊन उतरतो. खरवडलेले पितळ परत येत नाही, ही यातील मुख्य गोष्ट आहे. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी मिळेल त्याला बोलावून घाईने सूर लावून घेणे म्हणजे रीडचे आयुष्य कापून घेणे होय. कित्येकदा सूर बिघडलेलाच नसतो. रीडखाली धुळीचा कण अडकलेला असतो, किंवा पट्टीखालचे चामडे कसरीने खाल्लेले असते. आधी साफसफाई, मग गळती, आणि सूर सर्वांत शेवटी, हा क्रम कधीही मोडू नये.

माझ्या अंदाजाने जाणत्या कारागिराला एका पेटीच्या संपूर्ण कामास एक दिवस लागतो. वर्षातून दोन वेळा म्हटले तर आठ पेट्यांचे सोळा दिवस. पण सर्वांना सारखेच माप लावण्याचे कारण नाही. प्रारंभिक वर्गाच्या तीन पेट्यांवर रोज सायंकाळी मुलांचे हात अखंड चालतात. त्यांना दोन्ही वेळा पूर्ण काम हवे. कपाटातील दोन पेट्यांना एक वेळ पुरे, मात्र त्या वाजत्या ठेवल्या पाहिजेत. बंद पेटीत उंदीर आणि बुरशी हेच विद्यार्थी.

वेळ कोणती, हेही ठरलेलेच आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर या सत्रांत होतात. खानापूर तालुक्याचा पाऊस कसा असतो, हे येथे सांगणे नलगे. जुलै-ऑगस्टमध्ये सूर लावला तर लाकूड सुकताच तो पुन्हा हलतो. सरसही नीट वाळत नाही. म्हणून एक खेप दसऱ्यानंतर आणि दुसरी मार्चमध्ये. पावसाळ्यात केवळ वाजवावे, पुसावे, आणि कोणती पट्टी अडते ते वहीत टिपून ठेवावे.

तंबोऱ्याची गोष्ट निराळी. त्याची जव्हारी लावणे हे कानाचे आणि हाताचे दुर्मिळ कसब आहे, आणि त्यासाठी मिरजेसारखे ठिकाण नाही. तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खानापूर स्थानकावरून थेट मिरजेचा लोहमार्ग आहे. वर्षातून एकदा दोन्ही तंबोरे तेथे नेऊन आणणे अवघड नाही. तबल्याची पुडी बदलावयाची ती दिनदर्शिका पाहून नव्हे, वाजविणाऱ्याला विचारून.

कोणी म्हणेल, मुलेच तर शिकतात, थोडे बेसूर असले म्हणून काय बिघडले? १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. पेटीचे ठरावीक सूर आपल्या गाण्याला मानवत नाहीत, असा त्या वेळी आक्षेप होता. मला तो आक्षेप पुरता पटत नाही. बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी त्याच पेटीवर किती शिष्य घडविले, हे येथील अनेकांस ठाऊक आहे. परंतु ती सुरात लावलेली पेटी होती. आठ वर्षांच्या मुलीचा पंचम ज्या पेटीवर बसतो, तोच तिच्या कानात जन्मभर राहतो. पंचम उतरलेला असेल तर गळा गोड असूनही ती बेसूर ठरते, आणि आईबाप समजतात की पोरीला गाणे येत नाही. अशा मुली वर्ग सोडून गेल्या आहेत.

म्हणून माझी सूचना अशी: चार पेट्यांची रक्कम कायम ठेव म्हणून ठेवावी, मूळ रक्कम न मोडता तिच्या व्याजातून दोन खेपांचे काम व्हावे, आणि प्रत्येक पेटीला क्रमांक देऊन तिची वही ठेवावी. पेटी क्रमांक तीन आणि पाच यांचे भाते यंदाच बदलावे लागतील. त्यांचा खर्च मात्र वेगळा उभारावा. मंडळाने मान्यता दिल्यास दसऱ्यापूर्वी कारागिरास पत्र गेले पाहिजे, कारण दिवाळीच्या सुमारास साऱ्याच गावांची बोलावणी त्याच्याकडे एकदम जातात.