दिवाळीनंतरचा पाडा



गंजाड हे गाव जगाला कळलं ते जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे. इथल्या कळंबीपाड्यावर बसून त्यांनी तांदळाच्या पिठाने जे रेखाटलं, त्यासाठी 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांत शेत आहे, तारपा आहे, लग्न आहे. माणसाचं दुखणं मात्र चित्रात सहज दिसत नाही. ते पाहायला घरात शिरावं लागतं.

इथे भरलेल्या या परिषदेचा विषय आहे रोगप्रतिकारशक्ती आणि दाह. आमच्याकडे या विषयाला ओळखीचं नाव आहे, सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल बदलतं आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. एवढं आता आमच्या आशाताईही समजावून सांगतात. पण वाकडी पेशी वाहिनीत अडकली म्हणून दुखलं, इतकीच ही गोष्ट नाही. पेशी फुटते, तिच्यातल्या हिमोग्लोबिनमधला हीम रक्तात सांडतो आणि शरीराला वाटतं, शत्रू शिरला. पांढऱ्या पेशी चवताळतात, वाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, तांबड्या पेशी त्यांच्यात अडकतात. म्हणजे रक्षण करणारी फौजच वाट अडवून बसते. वेदना थांबल्यावरही हा दाह आत धुमसत राहतो. त्यात अनेकांची प्लीहा लहानपणीच निकामी होते, आणि साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो.

मी इथे शाळामास्तर होतो. पहिल्या पावसात, भाताच्या आवणीच्या दिवसांत एक मुलगा हमखास गैरहजर राहायचा. गार पाण्यात उभा राहिला की त्याची हाडं ठणकायची. मी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘आळशी’ असं लिहिलं होतं. त्याच्या रक्ताची तपासणी झाली ती फार वर्षांनी. तो शब्द मला अजून टोचतो.

विज्ञान थांबलेलं नाही. 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या पेशींचं वर्णन केलं, 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत त्या सापडल्या. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रात या आजारासाठी आयुष्य दिलं, 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 1 जुलै 2023 रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट तेव्हा ठरलं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेत असतं त्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं आणि चवताळलेल्या पांढऱ्या पेशीही कमी करतं. पण ते रोज घ्यावं लागतं, आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं.

आमची अडचण इथेच आहे. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर निघतो. आम्ही त्याला स्थलांतर म्हणत नाही, ‘जगायला गेलो’ म्हणतो. पोरंही सोबत जातात. भट्टीवर ऊन, धूळ, अंगमेहनत आणि पाणी कमी; वेदनेचा झटका उठवायला आणखी काय लागतं? गोळ्यांची पुडी संपते, जवळचा दवाखाना अनोळखी असतो, तपासणीचं कार्ड इथे घरात आढ्याला खोचलेलं राहतं. अशा वेळी कुणी पाड्यावर रक्त घ्यायला आलं तर भेटतात म्हातारी माणसं. ज्यांचा दाह सर्वांत जास्त भडकलेला, ती माणसं नोंदीतच येत नाहीत.

म्हणून यजमान या नात्याने आलेल्या संशोधक मंडळींकडे एक मागणं मागतो. आमच्या रक्ताचा थेंब घ्या, आम्ही हात पुढे करू. त्याचा निकाल आम्हाला समजेल अशा बोलीत परत द्या. आणि पुढच्या अभ्यासाचा आराखडा कराल तेव्हा नोव्हेंबर ते मे हे महिने त्यात धरा, भट्टीवरची पोरं त्यात धरा, त्यांच्या गोळ्या तिथवर पोहोचतील अशी सोय धरा. वाट दाखवायला आमच्या आशाताई तुमच्याबरोबर येतील.