पाण्यावरची पंधरा मिनिटं

(आरोग्य कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. आपल्यापैकी किती जणी समुद्रात गुडघ्याच्या वर पाण्यात गेल्या आहेत? हात वर करा. बरं, दहा-बारा हात दिसतायत. आता यातल्या किती जणींना पोहता येतं? दोघींना. बसा.

सहलीला गेल्यावर काय होतं, ते आपण सगळ्या जाणतो. बाप्ये पाण्यात, पोरं पाण्यात आणि बाई वाळूत. तिच्या मांडीवर सगळ्यांची पाकिटं, घड्याळं, मोबाइल. साडीचा घोळ वर धरून ती चार लाटा पायावर घेते आणि म्हणते, "झाला माझा समुद्र." १९५९ साली आरती साहा यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. असं करणाऱ्या त्या आशियातल्या पहिल्या स्त्री होत्या. त्याला साठ वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी आपला समुद्र अजून घोट्यापर्यंतच आहे.

आज मी जेट स्कीबद्दल बोलणार आहे. विषय ऐकून काही जणी हसल्या. मारहाणीच्या केसेस पडल्यात, रेशनचा प्रश्न आहे, आणि ही बाई चैनीच्या गोष्टी काय सांगते, असं वाटणं साहजिक आहे. पण मौज हासुद्धा हक्क आहे, आणि हक्क म्हटला की त्याच्याबरोबर माहिती यावी लागते. माहितीशिवाय दिलेली मौज म्हणजे बाईच्या जिवाशी खेळ. हे मी अनुभवावरून सांगते आहे.

गेल्या डिसेंबरात कुडाळला आमचं प्रशिक्षण होतं. बावीस जणी होतो. शेवटच्या दिवशी सगळ्या मिळून मालवण तालुक्यातल्या देवबागला गेलो. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र आणि मध्ये गावाची चिंचोळी पट्टी. संगमाजवळ वाळूचं एक बेट आहे, त्याला सगळे 'त्सुनामी आयलंड' म्हणतात. तिथे बोटीने नेतात आणि पाण्यावरचे खेळ खेळवतात. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. हिवाळ्यात मात्र जत्रा भरल्यासारखी गर्दी.

जेट स्कीची एक छोटी सफर असते. चालक बरोबर बसतो, बेटाला वळसा घालून संगमाच्या तोंडापर्यंत नेतो आणि परत आणतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम. पाच जणींनी जायचं ठरवलं. त्यातली मी एक.

आधी हे यंत्र काय आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दिसायला ती पाण्यावरची मोटरसायकल. जेट स्की हे खरं तर कावासाकी या जपानी कंपनीच्या यंत्राचं नाव. ते १९७० नंतरच्या काळात बाजारात आलं, आणि आता अशा सगळ्याच यंत्रांना आपण तेच नाव देतो. नेहमीच्या मोटरबोटीला मागे उघडा पंखा असतो. इथे पंखा पोटात असतो. तो खालच्या जाळीतून पाणी ओढून घेतो आणि मागच्या तोंडातून जोराने बाहेर फेकतो. त्या झोताच्या रेट्याने यंत्र पुढे जातं. हँडल वळवलं की तो झोत वळतो, म्हणून यंत्र वळतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. रेस सोडली की झोत संपला, आणि झोत संपला की वळणंही संपलं. बऱ्याच यंत्रांना ब्रेकही नसतो. समोर बोट आली, घाबरून हात सोडला, तर यंत्र सरळ त्या बोटीवरच जातं. घाबरल्यावर हात सोडणं ही माणसाची सवय, आणि या यंत्रावर नेमकी तीच घातक. म्हणून नवख्या माणसाने चालकाशिवाय बसू नये.

दुसरी गोष्ट लाल दोरीची. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची दोरी असते. तिचं एक टोक यंत्राला आणि दुसरं चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला लावायचं असतं. तो पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. आमच्या चालकाची दोरी यंत्राला लावलेली होती, पण दुसरं टोक हँडलवरच गुंडाळून ठेवलेलं. म्हणजे तो पडला असता तर यंत्र आपलं चालत राहिलं असतं, आणि वर मी एकटी. मी म्हटलं, "भाऊ, ही दोरी हातात घाल." त्याने घातली. एवढंच. विचारलं की करतात. पण विचारायचं काय हे माहीत नसलं, तर बाई विचारणार कशी?

आता मुख्य मुद्द्यावर येते. यंत्राच्या अंगावर एक स्टिकर होता. इंग्रजीत, बारीक अक्षरात, उन्हाने फिकट झालेला. नंबर लागायला वेळ होता म्हणून मी वाचत उभी राहिले. कंपनीनेच लावलेला इशारा होता. मागच्या झोताजवळ पाण्यात पडलं, किंवा जोराने पाण्यावर आपटलं, तर पाणी प्रचंड दाबाने शरीराच्या आत घुसू शकतं आणि आतल्या अवयवांना गंभीर इजा होऊ शकते. साधे पोहण्याचे कपडे त्यापासून वाचवत नाहीत. पाणबुडे घालतात तसा जाड रबरी पोशाख, किंवा तेवढंच संरक्षण देणारे कपडे, कमरेच्या खाली घालावेत.

शरीराच्या आत म्हणजे कुठे? योनीत आणि गुदद्वारात. मी मुद्दाम ते शब्द उच्चारते आहे, कारण ते कुणी उच्चारत नाही म्हणूनच हा इशारा आपल्यापर्यंत पोचत नाही. गुदद्वाराची इजा पुरुषालाही होते. बाईला दोन्हीकडून धोका. अशा जखमा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे, आतून फाटून शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आहेत. असं वारंवार घडत नाही. घाबरवण्यासाठी मी सांगत नाही. पण जे कंपनीला माहीत आहे, यंत्राच्या मालकाला माहीत असायला हवं, ते जिच्या शरीराचा प्रश्न आहे तिलाच माहीत नाही, हा कुठला न्याय?

मी त्या चालकाला विचारलं, "इथे काय लिहिलंय, ठाऊक आहे का?" विशीचा पोरगा. तो म्हणाला, "ताई, ता कंपनीचा असता." मी मराठीत अर्थ सांगितला. तो लाजला, पायाने वाळू उकरायला लागला. मग म्हणाला, "बायकांक ह्या कसा सांगूचा, ताई?"

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही. मालकाने त्याला चावी दिली, शब्द दिले नाहीत. पण त्याची लाज आणि आपली लाज मिळून एक भिंत तयार होते, आणि इजा झालीच तर ती भिंतीच्या आतल्या बाईला होते. मग ती दवाखान्यातसुद्धा "कंबर दुखते" एवढंच सांगते. आरोग्याचं काम करताना हे आपण किती वेळा पाहिलंय!

आता बसायचं कुठे? यातही एक गोम आहे. चालक पुढे असेल तर आपण मागे. एकदम रेस दिली की शेवटी बसलेलं माणूस मागच्या मागे पडतं, ते थेट झोताच्या तोंडाशी. उलट आपण पुढे आणि चालक मागे, असं बसलं तर मागे पडायची भीती नाही. पण परक्या पुरुषाचे दोन्ही हात आपल्या दोन्ही बाजूंनी येतात. काही जणींना ते चालतं, काही जणींना नाही. नाही चालत तर तसं स्पष्ट म्हणायचं. मागे बसायचं, त्याचं जॅकेट दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, आणि आधीच बजावायचं की रेस हळूहळू दे. वजन आणि जागा पाहून तिघांना परवानगी असेल तर दोघी मैत्रिणींनी एकत्र बसावं. मात्र तेव्हाही शेवटचीला धोका तोच. कुणाच्या स्पर्शाला नाही म्हणणं हा काही आगाऊपणा नव्हे. पैसे आपण मोजतो आहोत.

आमच्यात एक मावशी होत्या, वय बावन्न. मी हे सगळं बाकीच्या चौघींना जरा मोठ्याने सांगत होते, ते त्या ऐकत होत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला जाता येईल का गं? माझं अंग बाहेर येतं." सहा वर्षं त्यांना तो त्रास होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आरोग्याच्या प्रशिक्षणात चार दिवस त्या माझ्यासमोर बसल्या होत्या, गर्भाशयावरचं सत्र झालं, तेव्हाही त्या बोलल्या नाहीत. बोलल्या त्या वाळूत उभ्या राहून, कारण तिथे 'योनी' हा शब्द त्यांनी व्यवहाराची गोष्ट असल्यासारखा बोललेला ऐकला. मी त्यांना सांगितलं की आज यंत्रावर बसू नका, पण बोटीतून बेटावर चला. परत आल्यावर त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेलं. आता उपचार चालू आहेत.

मी गेले. पहिल्यांदा भीती वाटली, मग पोटातून हसू फुटलं. संगमाच्या तोंडाशी खाडीचं संथ पाणी संपतं आणि समुद्राची उसळी सुरू होते, ते बसल्या जागी कळतं. परत येताना चालकाने आपले हात माझ्या हातांजवळच ठेवून मला हँडल धरू दिलं. जवळून पाहिलेला वेग ही एक गोष्ट आणि आपल्या हातातला वेग ही दुसरी. ओरडून ओरडून माझा घसा बसला. शाळेनंतर इतक्या मोठ्याने मी ओरडले नव्हते. मारहाण, कोर्ट, पोलीस ठाणं यांत आयुष्य घालवणाऱ्या कार्यकर्तीने असा आवाज काढू नये, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

पण एक सलतं. त्या किनाऱ्यावर त्या दिवशी यंत्र चालवणारी एकही बाई मला दिसली नाही. बायका होत्या त्या माशाचं जेवण रांधत होत्या, खोल्या झाडत होत्या, सरबत विकत होत्या. पर्यटनाचा पैसा गावात येतो, पण हँडल, वल्हं आणि चावी बाप्यांच्या हातात राहते. हे बदलू शकतं. त्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत, 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका स्वतः बोट वल्हवत पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. वल्हं त्यांच्या हातात, माहिती त्यांच्या तोंडी, पैसा त्यांच्या गटाचा. तिथे इंजिनाचा आवाज नाही, घाई नाही. वल्हं चालतं तर हँडल का चालणार नाही?

आणि सुरक्षितता ही चैन नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. हौसेने आलेली माणसं होती ती.

तेव्हा सहलीला जाल तेव्हा एवढं करा. जॅकेट आपल्या मापाचं घ्या, सगळे पट्टे लागतात का पाहा. आमच्यातल्या एकीच्या जॅकेटचा पट्टा तुटका होता, तेव्हा "हाताने धरा" असं सांगितलं गेलं. आम्ही जॅकेट बदलून घेतलं. ओढणी आणि पदर किनाऱ्यावर ठेवा, केस बांधा. स्कूटरच्या चाकात ओढणी अडकून काय होतं ते आपण पाहिलंय, या यंत्राची पोटातली जाळीही सैल कपडा आणि केस ओढून घेते. साडी किंवा पातळ लेगिंगवर बसू नका. जाड, अंगाला घट्ट बसणारे कपडे घाला, रबरी पोशाख मिळाला तर उत्तम. पडलात तर मागच्या तोंडापासून लांब राहा आणि इंजिन बंद झाल्याशिवाय वर चढू नका. गरोदर असाल, कंबर किंवा अंगाचा त्रास असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर नको. पाळी चालू असेल, तर मात्र ते कारण नाही. जमत असेल तर जा.

शेवटी एक ठराव मांडते. प्रत्येक किनाऱ्यावर, जिथे तिकीट फाडतात तिथे, हा इशारा मोठ्या मराठी अक्षरांत लावावा, शरीराच्या भागांची नावं घेऊन, आडपडदा न ठेवता. चालकांना तो तोंडी सांगायला शिकवावं. आणि गावातल्या बायकांना पोहणं आणि यंत्र चालवणं शिकवण्याची सोय व्हावी. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडच्या मैत्रिणींनी आपापल्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, आणि काय उत्तर मिळालं ते या अंकाकडे लिहून कळवावं.

ठराव कुणाला मान्य आहे? हात वर करा. आणि ज्यांना शंका आहे, त्यांनी आधी बोला.