दोन मागांवरून चार मागांवर

१०० पौंड कापसाचें सूत हातानें कांतावयास हिंदुस्थानांतील कांतणारणीस सुमारें ५०,००० तास लागत, असा हिशोब उद्योगधंद्यांच्या इतिहासकारांनीं मांडला आहे. इ. स. १७८० च्या सुमारास इंग्लंडांत क्रॉम्प्टनच्या यंत्रावर तेंच काम २,००० तासांत होऊं लागलें आणि १८२५ च्या सुमारास रॉबर्ट्सच्या स्वयंचलित यंत्रावर अवघ्या १३५ तासांत. दर माणशीं, दर तासास होणारें काम, म्हणजे ज्याला अर्थशास्त्रांत उत्पादकता म्हणतात, ती अर्ध्या शतकाच्या आंत इतकी वाढल्याचें दुसरें उदाहरण विरळाच सांपडेल.

या वाढीचा पहिला घाव बसला तो सूत कांतणाऱ्या बायकांवर. घरकाम सांभाळून चार पैसे मिळविणाऱ्या या स्त्रिया एका छपराखालीं बसत नव्हत्या. त्यामुळें त्यांचा धंदा बुडाला तो फारसा आवाज न होतां. संप झाला नाहीं, टाळेबंदी झाली नाहीं. चरखा माळ्यावर गेला, एवढेंच.

परंतु याच सुताची दुसरी बाजू आहे. गिरणीचें स्वस्त सूत विणकराच्या घरीं आलें, तेव्हां परदेशी कापडाशीं टक्कर देण्यास त्याला एक साधन मिळालें. सोलापुरांत तेलंगणांतून येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं दोरीच्या झटक्यानें पळणारा धोटा स्वीकारला. हातानें धोटा फेंकणारापेक्षां त्यांचें कापड दिवसाकाठीं अधिक निघूं लागलें, आणि तरीहि माग बंद पडले नाहींत. लुगड्यांचा व्यापार वाढला. म्हणजे एकाच यांत्रिक प्रगतीनें कांतणारणीचें काम नेलें आणि विणकराचें राखलें. "यंत्र आलें कीं बेकारी आली" असें म्हणणारे आणि "यंत्र आलें कीं भरभराट आली" असें म्हणणारे, दोघेहि अर्धाच हिशोब वाचीत असतात.

वाढलेल्या उत्पादनाचा लाभ मुख्यतः तीन वाटांनीं बाहेर पडतो. माल स्वस्त होईल, कामगाराची मजुरी वाढेल, किंवा मालकाचा नफा वाढेल. कोणत्याहि वाटेनें गेलेला पैसा पुन्हां खर्च झाला पाहिजे, तरच त्यांतून नवें काम निघतें. गृहिणीला लुगडें कांहीं रुपयांनीं स्वस्त मिळालें, तर ते उरलेले रुपये ती दुधाला देते, मुलाच्या फीला देते. गवळी आणि मास्तर यांची सोय अशी मागावरून होते. मात्र गवळ्याचा धंदा वाढला म्हणून रिकामा झालेला विणकर दुसऱ्या दिवशीं गवळी होत नाहीं. ग्रंथांत हें स्थित्यंतर एका वाक्यांत उरकतें; चाळीच्या खोलींत त्याला वर्षें लागतात.

मुंबईकरांनीं हें स्थित्यंतर १९२८ सालीं जवळून पाहिलें. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापिली, त्यानंतर पाऊण शतकांत गिरणगांव भरून गेलें होतें. जपानची स्पर्धा तीव्र झाली, तेव्हां विणकरानें दोन मागांऐवजीं तीन किंवा चार माग सांभाळावे, अशी योजना मालकांनीं पुढें आणली. ही योजना आणि तिच्या जोडीला मजुरीची कपात, या प्रश्नांवर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला. सुमारें दीड लक्ष कामगार त्यांत होते. मालकाचा हिशोब सरळ होता: कापड स्वस्त निघालें नाहीं तर गिरणीच राहणार नाहीं. कामगाराचा हिशोबहि तितकाच सरळ होता. कामावर राहील त्याला थोडी अधिक मजुरी मिळेल, पण ज्याचे दोन माग त्याच्या हातीं येतील तो त्याचाच भाऊबंद, एकाच गांवाहून रत्नागिरी किंवा सातारा सोडून आलेला. त्यानें जावें कोठें? त्या काळीं या प्रश्नाला उत्तर मिळणें आणखीच कठीण झालें. १९२९ नंतर जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर उतरले आणि देशावरच्या शेतकऱ्याजवळ कापड घेण्यापुरताहि पैसा उरला नाहीं. गिऱ्हाइकाची गांठच रिकामी असेल, तर स्वस्त कापडाचा उपयोग कोणाला?

पुढचा इतिहास याहून चमत्कारिक आहे. १९५६ च्या सरकारी धोरणानें गिरण्यांतील मागांची वाढ रोखून धरली. हेतु हातमाग वांचविण्याचा होता. लाभ उठविला तो भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथील यंत्रमागांनीं. गिरण्यांनीं टाकून दिलेले जुने माग तेथील छपरांखालीं बसले, बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या आणि मजुरी गिरणीहून पुष्कळ कमी पडली. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हां विणाईचें बरेंचसें काम आधींच मुंबईबाहेर गेलें होतें. कित्येक गिरण्या त्यानंतर पुन्हां सावरल्या नाहींत. येथें कामगाराचा घांस नव्या यंत्रानें हिरावला नाहीं, जुन्या यंत्रानें आणि स्वल्प मजुरीनें हिरावला. यंत्रमागांवर काम पुष्कळांना मिळालें, समृद्धि थोड्यांनाच.

दक्षिण कोरियाची गोष्ट निराळी. १९६३ सालीं तेथें दर १०० कामकऱ्यांपैकीं ६३ शेतीवर होते. १९९० पर्यंत ती संख्या १८ वर आली. १९५० च्या सुमारास जमीन पुष्कळ अंशीं कसणाराच्या नांवें झाली होती, खेडोपाडीं शाळा पोंचल्या होत्या आणि परदेशीं खपणारा माल काढणारे कारखाने, आरंभीं कापड, प्लायवूड आणि केसांचे टोपसुद्धां, शेत सोडून येणाऱ्या मुलामुलींची वाट पाहात होते. त्या मुलींनीं लांबच लांब पाळ्या केल्या, हेंहि विसरतां येत नाहीं. भारतांत २०२३-२४ च्या सरकारी पाहणीप्रमाणें १०० कामकऱ्यांपैकीं सुमारें ४६ जण शेतींत होते, आणि राष्ट्रीय उत्पन्नांत शेतीचा वांटा मात्र पांचव्या हिश्श्याहून कमी. दर माणशीं उत्पादन वाढल्यावांचून ही दरिद्री वांटणी बदलणार नाहीं. पण शेतांतून सुटलेल्या हाताला धरणारा दुसरा धंदा जवळपास नसेल, तर तो हात मजूरअड्ड्यावर उभा राहतो.

विदर्भ-मराठवाड्यांत कापसाची वेचणी अजून बहुतांशीं हातानेंच होते, आणि ती मुख्यतः बायका करतात. मजुरी किलोवर ठरते. अमेरिकेंत वेचणीचें यंत्र १९४० नंतर बाजारांत आलें आणि १९७० पर्यंत तेथील जवळजवळ सारा कापूस यंत्रानें वेचला जाऊं लागला. तेथील दक्षिणेंतून बाहेर पडलेल्या कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांपुढें शिकागो आणि डेट्रॉइटचे कारखाने होते. आपल्याकडील झाडावर बोंडें एकदम फुटत नाहींत, वेचण्या तीन-चार कराव्या लागतात, म्हणून तें यंत्र येथें अद्याप रुजलेलें नाहीं. दाट पेरणीचे आणि बोंडें एकाच सुमारास फुटावीं असे प्रयोग मात्र विदर्भांत चालू आहेत. यंत्र येईपर्यंत यवतमाळच्या वेचणाऱ्या बाईला थोडी मुदत आहे. तेवढ्या मुदतींत तिला सकाळीं एस.टी.नें जाऊन संध्याकाळीं घरीं परततां येईल अशा अंतरावर शिवणकामाचा, दूध-संकलनाचा किंवा धान्य-प्रक्रियेचा कोणता कारखाना उभा राहणार आहे, हें जिल्ह्याच्या कोणत्या आराखड्यांत लिहिलें आहे काय?