कटऑफ, एक्सेल आणि माझी बहीण

आजचा एपिसोड छोटाय, आणि खरं तर कबुलीजबाब आहे.

जून २०२४. धाकट्या बहिणीला नीटमध्ये ७२० पैकी ६५० आले. आई पेढे आणायला निघाली, मी लॅपटॉप उघडला. बीटेक केलंय, दिवसभर डेटाच बघतो, मग काय! २०२३ च्या सिलेक्शन लिस्ट एक्सेलमध्ये टाकल्या आणि जाहीर केलं, "पुणे-मुंबई पक्कं!"

पुढे फिजिक्सच्या एका प्रश्नावरून वाद सुप्रीम कोर्टात गेला. आधी दोन उत्तरं बरोबर धरली होती, शेवटी एकच ठरलं. बहिणीने दुसरं लिहिलेलं. चार मार्क गेले, वर एक निगेटिव्ह. ६४५. मी म्हटलं, "पाचच तर मार्क!"

फॉर्म भरताना तिने विचारलं, "दादा, खालची कॉलेजंपण टाकू का?"

"कशाला? गरजच नाही." यादीत सहाच नावं गेली.

पहिल्या राउंडला तिचं नाव कुठेच नव्हतं. ती काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

चुकलं कुठे? मी मार्क जुळवले. त्या वर्षी २३ लाखांवर मुलं बसली आणि मार्क सगळ्यांचेच फुगले. आधी ६७ जणांना पैकीच्या पैकी, २६ जुलैच्या सुधारित निकालात ते १७ उरले. २०२३ चे ६४५ आणि २०२४ चे ६४५ यांच्या रँकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. रँक स्कोअरकार्डवर छापलेली होती, मी तिच्याकडे बघितलंच नाही.

आणि रँक जुळवली तरी खात्री नसते. कोण ऑल इंडियाच्या १५ टक्क्यांतून सीट घेणार, कोण सोडणार, हे कुठल्या शीटमध्ये दिसणार? पुढच्यांनी सोडलं की मागच्यांचा नंबर लागतो.

दुसऱ्या राउंडला यादी तिनेच भरली, लांबलचक. विदर्भातलं सरकारी कॉलेज मिळालं. घरापासून एका रात्रीचा प्रवास, पण एमबीबीएस.

तर मंडळी, घरात कोणी फॉर्म भरत असेल तर अंदाज जरूर काढा, पण त्यावर विसंबून यादी छोटी करू नका. आवडीच्या क्रमाने, जिथे खरंच जाल ती सगळी नावं टाका. वर मोठी नावं टाकल्याने खालचा चान्स जात नाही.

आणि दादा-ताई लोकहो, "पक्कं" हा शब्द जपून वापरा.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!