औषध शासनाचे, आधार समाजाचा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मंगलप्रसंगी एच.आय.व्ही. हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चतुर्विध दानाची परंपरा जपणाऱ्या समाजापुढे तो मांडताना मला संकोच वाटत नाही. या आजारात आज औषधापेक्षा अभयाची उणीव अधिक आहे.

प्रथम औषधाचे पाहू. भारतात हा विषाणू १९८६ मध्ये चेन्नईत प्रथम आढळला. उपचार निघाले, पण ते सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. २००१ मध्ये सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा खर्च सुमारे ३५० डॉलरपर्यंत खाली आणण्याची तयारी दाखवली. १ एप्रिल २००४ पासून केंद्र शासनाने निवडक रुग्णालयांतून ए.आर.टी. औषधे मोफत देण्यास आरंभ केला, आणि २०१७ पासून निदान होताच उपचार देण्याचे धोरण आले. आपल्या शहरातील शासकीय सर्वोपचार रुग्णालयातही हे केंद्र आहे. गोळ्या नियमित घेतल्या की रक्तातील विषाणू इतका दबतो की जोडीदाराला संसर्ग होत नाही, आणि मातेला वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक बालके निरोगी जन्मतात. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी, म्हणजे २०२१ ते २०२६ या काळासाठी, केंद्राने १५ हजार कोटींहून अधिक तरतूद केली.

मग न्यासाने काय द्यावे? गोळीच्या किमतीत जे बसत नाही, ते द्यावे.

करमाळा किंवा मंगळवेढा तालुक्यातील शेतमजूर स्त्री औषधासाठी सोलापूरला येते, तेव्हा तिची दिवसाची मजुरी बुडते. यंत्रमागावरचा कामगार वा विडी वळणारी बाई यांचेही तेच. जवळ सोय असली तरी ओळखीचे कोणी पाहील या भीतीने कित्येक जण दूरचे केंद्र पसंत करतात. बाधितांसाठी एस.टी. प्रवासात सवलत आहे. पण वाहकापुढे तो दाखला काढायचा कसा? संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. पण दाखले गोळा करताना प्रत्येक खिडकीवर आजार सांगावा लागेल, ही धास्ती असते. योजना कागदावर राहते आणि माणूस घरी राहतो. घरी राहिला की गोळ्या चुकतात, आणि गोळ्या चुकल्या की विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

समाज काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. २००१ मध्ये आई-वडील एड्सने गमावलेल्या दोन लहान मुली नातलगांनी गोठ्यात ठेवल्या होत्या. त्यांना ठेवून घेणारी संस्था मिळेना, तेव्हा मंगलताई शहा व त्यांच्या कन्या डिंपल घाडगे यांनी त्यांना पदराखाली घेतले. त्यातून पंढरपूरच्या प्रभा-हिरा प्रतिष्ठानचा ‘पालवी’ प्रकल्प उभा राहिला आणि मुलांची संख्या पुढे शंभरावर गेली. बालकांसाठी मोफत ए.आर.टी.चा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला. औषध मिळाले, तशी अशी मुले मोठी होऊ लागली. आता त्यांना शाळा, कौशल्य, रोजगार आणि संसार हवा आहे. अल्पायुषी समजून ज्यांची सेवा सुरू झाली, त्यांच्या दीर्घायुष्याचे नियोजन करावे लागणे, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

परंतु दीर्घायुष्याला दीर्घ निधी लागतो. गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ उपक्रम २००३ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाला आणि काही वर्षांनी शासनाकडे सोपवला गेला. खाटांची सोय असलेली सामुदायिक काळजी केंद्रे २०१३ च्या सुमारास बंद झाली. त्यांच्या जागी आलेल्या ‘विहान’ केंद्रांत समुपदेशन व पाठपुरावा होता, पण खाटा नव्हत्या. दूरच्या निधीला मुदत असते. बाधिताचे औषध मात्र आजन्म असते.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, एकरकमी मोठ्या देणगीऐवजी कायम निधीच्या व्याजाचा ठरावीक हिस्सा दरवर्षी प्रवासखर्च, बुडीत मजुरी, सकस आहार आणि शिक्षण यांसाठी राखून ठेवावा. दुसरी, तो कसा खर्चावा हे ठरवणाऱ्या समितीत ए.आर.टी. केंद्राचे समुपदेशक आणि स्वतः बाधित व्यक्ती असाव्यात. पायात काटा कुठे रुतला, हे चालणाऱ्यालाच ठाऊक. तिसरी, या मदतीचा फलक लावू नये, छायाचित्र काढू नये, लाभार्थींची यादी छापू नये. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीवाचून कोणाची एच.आय.व्ही. स्थिती उघड करता येत नाही. हिशेब चोख असावा, पण त्यात नावांऐवजी क्रमांक असावेत.

आपल्याकडे गुप्तदानाला श्रेष्ठ मानतात. तेथे दात्याचे नाव झाकलेले असते. येथे घेणाऱ्याचेही झाकावे लागेल. स्मरणिकेच्या पानावर ज्याचा उल्लेखही येणार नाही, असे काम सुवर्णमहोत्सवी वर्षात हाती घेण्याचा संकल्प विश्वस्तांनी करावा, ही नम्र प्रार्थना करून माझे दोन शब्द पूर्ण करतो.

जयजिनेंद्र.